जर्सीच्या चुण्या धुऊन जात नाहीत आणि इस्त्रीनं चकाकी येते: काय, कोणत्या क्रमानं तपासायचं

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आमचं इस्त्रीचं दुकान. वडिलांच्या काळात कोळशाची इस्त्री होती आणि टेबलावर सुती सदरे, धोतरं, शाळेचे गणवेश. आता निम्मा ढीग जर्सी, ट्रॅक पँट, बर्मुडा आणि जिमच्या टी-शर्टांचा असतो. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पेठेतली पोरं सामन्याच्या आदल्या रात्री अख्खं किट एका पिशवीत कोंबून आणतात. "मामा, उद्या म्याच हाय, तेवढा एक हात मारा की." एक हात मारून या कपड्याला काही होत नाही, आणि जोरात मारला तर जे होतं ते परत निघत नाही. दर वर्षी तीच तक्रार आणि तीच चूक, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. फुकटातल्या उपायापासून सुरुवात करू. इस्त्री सगळ्यात शेवटी येईल, आणि बऱ्याच जणांना तिथवर यावंच लागणार नाही.

आधी चुणी कुठल्या जातीची ते बघा

कपडा खिडकीजवळ उजेडात धरा. ट्यूबलाइटखाली निम्मं दिसत नाही.

नव्या जर्सीवर चौकोनी घडीच्या रेषा असतील, तर ती पाकिटातली घडी आहे. महिना-दोन महिने गठ्ठ्यात दाबून पडलेला माल असतो तो. इकडेतिकडे पसरलेल्या, बोटानं ताणल्यावर जाणाऱ्या मऊ सुरकुत्या म्हणजे कपडा पिशवीत किंवा कपाटात चुरगळलेला आहे. या दोन्ही किरकोळ.

पोटावर, पाठीवर एका जागेवरून चांदणीसारख्या फुटलेल्या बारीक, कडक चुण्या दिसल्या, तर त्या पिळ्याच्या किंवा मशीनच्या. आणि गळ्यापासून खालपर्यंत दोरखंडासारख्या लांब रेषा, ज्या धुतल्यावर पुन्हा जिथल्या तिथे दिसतात, त्या उष्णतेनं बसलेल्या. सगळ्यात चिवट त्याच, आणि ताप देणाऱ्याही त्याच. त्यांच्याकडे पुढे येतो.

आता जे सुरकुतीसारखं दिसतं पण सुरकुती नाही, ते. शिवणीच्या कडेनं लाटा आल्या असतील तर दोरा ताणून शिवला गेलाय किंवा दोरा आटलाय. पाठीवरच्या नंबरभोवती कपडा ओढल्यासारखा दिसत असेल तर छपाई आकसलीय किंवा एका कडेनं सुटलीय. कमरेचं इलास्टिक लाटालाटांचं होऊन ताणल्यावर माघारी येत नसेल तर आतलं रबर मेलंय. आणि एखादा पट्टा काचेसारखा चमकत असेल, हाताला कडक लागत असेल, तर तो कपडा भाजलाय. या चारांना वाफ नाही, इस्त्री नाही, काही नाही. तिथे वेळ घालवू नका. त्यांचं काय करायचं ते खाली 'इथे थांबा' या भागात आहे.

सुती सदऱ्याचं शास्त्र इथे का चालत नाही

दुकानात नव्यानं कामाला आलेल्या पोराला मी पहिल्या दिवशी एक खेळ दाखवतो. टेबलावर सुती सदरा आणि शेजारी जर्सी पसरायची, दोन्हीवर पाणी मारायचं. सदऱ्यावर थेंब पडला की गडद होतो आणि आत मुरतो. जर्सीवर पाणी एक तर मण्यांसारखं वर बसतं, नाहीतर क्षणात पसरून जाळीतून खाली चादरीवर उतरतं. जर्सी उचला, खाली चादर ओली, जर्सी जवळजवळ कोरडी.

कारण साधं आहे. सुती धागा पाणी पितो. नेहमीच्या हवेतसुद्धा सुतात वजनाच्या साधारण ८ टक्के ओल असते, पॉलिस्टरमध्ये अर्धा टक्काही नसते. सुती धागा पाण्यानं सैल होतो, मग इस्त्री ते पाणी उडवून लावते आणि धागा सरळ होऊन बसतो. कडक इस्त्री म्हणतात ती ही. पॉलिस्टरच्या धाग्यात पाणी शिरतच नाही. मग माणूस काय करतो, चुणी जाईना म्हणून इस्त्रीचा काटा कॉटनवर नेतो आणि दाबतो. झालं.

पॉलिस्टर हे शेवटी प्लास्टिकच. पाण्याची बाटली ज्याची असते, त्याचाच काढलेला धागा. साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पुढे हा धागा आतून नरमतो. वितळायला २५० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे मधे मोठा पट्टा असा आहे की कपडा वितळत नाही, पण दिलेला आकार धरतो. गरम असताना तो ज्या आकारात असेल आणि त्याच आकारात गार झाला, तर तो आकार पक्का. इचलकरंजीत प्रोसेसिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. पॉलिस्टर १३० अंशांच्या आसपास रंगवतात आणि मग मशीन हळूहळू गार करतात. घाई केली तर कापडावर दोरखंडाच्या रेषा उमटतात, आणि त्या अख्ख्या तागाभर जातात.

घरी हेच होतं, फक्त बादलीत.

आमच्याकडे एक गोलकीपर पोरगा येतो. लांब बाह्यांची जर्सी. दर आठवड्याला तीच जर्सी, त्याच तीन रेषा, छातीवरून खाली. मी वाफेवर काढायचो, पुढच्या सोमवारी रेषा हजर. चौथ्या वेळी मी त्याला विचारलं, धुतं कोण? आजी. कशी धुते? तर आजी बंबातलं कढत पाणी बादलीत घ्यायच्या, पावडर टाकून जर्सी त्यात बुडवायच्या, कारण मैदानाची माती निघत नाही म्हणून. तासाभरानं चुलीवरून आणखी एक तांब्या कढत पाणी. मग तीच गरम जर्सी थेट नळाखालच्या गार पाण्यात आणि दोन्ही हातांनी घट्ट पिळा. आजींचं काही चुकलं नव्हतं, साठ वर्षं सुती कपडे त्यांनी तसेच धुतले आणि ते तसेच धुवायचे असतात. पण पॉलिस्टरसाठी हा चुणी पक्की करायचा कारखाना होता. गरम केलं, दुमडलं, झटक्यात गार केलं, वर पिळा. बंब बंद केल्यावर ती जर्सी पुन्हा माझ्याकडे आली नाही. गिऱ्हाईक गेलं म्हणा.

पहिली तपासणी: काही करू नका, टांगा

मऊ सुरकुत्या आणि पाकिटातली घडी यांच्यासाठी. जर्सी जाड खांद्याच्या हँगरवर टांगा, खालून दोन्ही बाजूंनी हलकं ओढा, रात्रभर राहू द्या. जर्सीचं कापड विणीचं असतं, म्हणजे धाग्याचे फासे एकमेकांत अडकवलेले. ताणलं की फासे सरकतात आणि सोडल्यावर मूळ जागी येतात, त्यात हलकी सुरकुती निघून जाते. अंगात घालून पंधरा मिनिटं वावरलात तरी हेच होतं. रंकाळ्याला सकाळी फेरी मारणाऱ्यांना मी सांगतो, टी-शर्ट घालून घराबाहेर पडा, तांबट कमानीपर्यंत पोचेस्तोवर सुरकुती कुणाला दिसणार नाही.

तारेचा बारीक हँगर नको. खांद्यावर टोकं येतात आणि ती काढायला वेगळं काम लागतं.

दुसरी: लेबल वाचा

हे फुकट आहे आणि तरी कुणी करत नाही. मानेपाशी किंवा डाव्या बगलेखालच्या शिवणीत पांढरी पट्टी असते. दोन गोष्टी शोधा.

एक, कापड कशाचं. नुसतं पॉलिस्टर असेल तर कपडा त्यातल्या त्यात सोशिक आहे. सोबत स्पॅन्डेक्स, इलास्टेन किंवा लायक्रा लिहिलं असेल (तिन्ही एकच, नावं वेगळी), तर उष्णतेच्या बाबतीत हात आखडता घ्या. ५ ते २० टक्के असतं, पण कपड्याचा सगळा ताण त्याच्यावर असतो. ते उष्णतेनं हळूहळू मरतं, आणि मेलं की लेगिंग गुडघ्यावर पिशवीसारखी लोंबते. नायलॉन असेल तर तो पॉलिस्टरपेक्षा लवकर चिकटतो. साध्या नायलॉनचा एक प्रकार २२० अंशांच्या आसपासच वितळतो, आणि घरातली इस्त्री कॉटनच्या काट्यावर २०० अंशांपर्यंत जाते. फरक किती उरला बघा.

दोन, इस्त्रीचं चित्र. आत एक ठिपका म्हणजे तळ जास्तीत जास्त ११० अंश, दोन ठिपके १५०, तीन ठिपके २००. चित्रावर फुली म्हणजे इस्त्री नाही, वाद नाही. एका ठिपक्याच्या कपड्याला इस्त्रीतून वाफ मारू नये असाही त्याचा अर्थ असतो.

मैदानावर घेतलेल्या, पेठेत शिवलेल्या जर्सींना लेबल नसतं. मग त्याला एका ठिपक्याचा कपडा धरून चाला. आडवा ताणून सोडा, रबरासारखा झटकन मागे आला तर स्पॅन्डेक्स आहे.

तिसरी: पुन्हा भिजवा, पण पिळू नका

चांदणीसारख्या चुण्यांवर हा सगळ्यात खात्रीचा उपाय, खर्च एक बादली पाणी. मी स्वतः दुकानात आलेली निम्मी किटं अशीच परत करतो आणि पैसे घेताना थोडी लाज वाटते.

कोमट पाणी घ्या, हात आरामात बुडवता येईल इतकंच. जर्सी उलटी करून सैल बुडवा, दहा मिनिटं. मग उचलून हातांच्या ओंजळीत दाबून पाणी काढा. पिळायचं नाही, मुरगाळायचं नाही. मोठ्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट सैल गुंडाळी करा, वरून तळहातानं दाबा, लगेच उलगडा. दोनदा झटका. हँगरवर घाला, शिवणी सरळ करा, पुढचा भाग तळहातानं वरून खाली निरपून घ्या, आणि सावलीत, वाऱ्यात निथळायला टांगा.

हे का चालतं? ओल्या कपड्याचं वजनच त्याला खाली ओढत असतं आणि वाळेपर्यंत तो सरळ राहतो. सुती बनियन असं टांगलं तर लांब होईल, कारण ते भरपूर पाणी धरतं. पॉलिस्टर फार पाणी धरत नाही, म्हणून तितकंच ओढलं जातं जितकं हवं. लेगिंग आणि ज्यात स्पॅन्डेक्स जास्त आहे ते मात्र टांगू नका, आडवं पसरून वाळवा.

दोरीवर मधोमध टाकून वाळवलं तर छातीवर दोरीची आडवी रेघ येते. चिमटे लावायचेच असतील तर बगलेच्या शिवणीत लावा. ऊन नको. रंगही उडतो आणि नंबरच्या कडाही कडक होतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात सुती कपडे तीन-तीन दिवस ओले राहतात, पण ही जर्सी पंख्याखाली तासा-दीड तासात वाळते, तेव्हा इस्त्रीनं वाळवायची घाई करू नका. दर जुलैत निम्मी भाजलेली प्रकरणं याच कारणानं येतात.

चौथी: मशीनकडे बघा

चुण्या दर वेळी परत येत असतील तर कपड्याला दोष देऊ नका. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये शेजारचं जे छोटं पिंप असतं, त्याला आपण ड्रायर म्हणतो. तो गरम हवेचा ड्रायर नव्हे, तो नुसता गरागरा फिरवून पाणी काढतो. त्यात जर्सी कोंबून वरून झाकण दाबून पाच मिनिटं फिरवली की ती भिंतीला चिकटून बसते आणि प्रत्येक भोकाची, प्रत्येक दुमडीची खूण घेऊन बाहेर येते. अर्धा-पाऊण मिनिट पुरे. पॉलिस्टरमधलं पाणी तेवढ्यात निघतं.

पूर्ण ऑटोमॅटिक असेल तर पाणी ३० अंश, फिरकी ४०० ते ६०० फेऱ्यांवर, आणि ड्रम निम्माच भरा. जीन्स, टॉवेल वेगळे. मशीन थांबल्याची शिट्टी झाली की लगेच काढा. रात्री लावून सकाळी काढणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांना स्वतःलाच माहीत असतं.

आणि कंडिशनर, ते सुगंधी मऊ करणारं द्रव, या कपड्यांना बंद. त्याचा पातळ थर धाग्यावर बसतो, घाम खेचून बाहेर टाकायचं कापडाचं काम मंदावतं आणि वास आत राहतो. पोरं मग वास येतो म्हणून कढत पाण्यात टाकतात, आणि आपण पुन्हा बंबापाशी येतो. ब्लीचही नको, स्पॅन्डेक्स त्यानं तुटतं.

पाचवी: न टेकवता उष्णता

टांगून, भिजवूनही रेषा राहिली तर ती उष्णतेनं बसलेली आहे आणि उष्णतेनंच निघेल. पण आधी न टेकवता.

आंघोळीच्या वेळी न्हाणीघरात टांगणं हा उपाय खूप जण सांगतात. हलक्या घडीला चालतो, पक्क्या रेषेला नाही, कारण खोलीतली हवा कुठेच ७० अंशांपर्यंत जात नाही. नुकसानही काही नाही, करून बघा.

केस वाळवायचा ड्रायर घरात असेल तर मधल्या काट्यावर, वीतभर अंतरावरून, सतत हलता ठेवून रेषेवर फिरवा. दुसऱ्या हातानं कपडा खालून ताणून धरा. कपडा हाताला चांगला गरम लागला की ड्रायर बंद करा, पण ताण सोडू नका. गार होईपर्यंत धरून ठेवा. मनात वीस-पंचवीस अंक मोजा. सगळी गंमत या वीस अंकांत आहे. लोक गरम करतात, रेषा गेलेली बघतात, कपडा खुर्चीवर टाकतात, आणि तो तिथे दुमडून गार होतो. दहा मिनिटांनी नवीन रेषा.

हातातला स्टीमर असेल तर सोन्याहून पिवळं. टांगलेली जर्सी उलटी करून, दोन-तीन बोटं अंतर ठेवून, वरून खाली. एका जागी थांबू नका, नंबरवरून जाऊ नका. मग तसंच, गार होईपर्यंत टांगलेली राहू दे, घडी नको. कुकरच्या शिट्टीवर किंवा किटलीच्या तोंडाशी कपडा धरायचा प्रकार बघितलाय मी. एका कॉलेजच्या पोरानं केला आणि मनगटावर फोड घेऊन आला, चुणी होती तिथेच. वाफेचा चटका पाण्यापेक्षा वाईट. अंगात घालून स्टीमर मारणं तर कधीच नाही.

सहावी: इस्त्री, आणि तीही अशी

इथे माझीच गोष्ट सांगतो. जर्सी नव्यानं यायला लागल्या त्या पहिल्या वर्षी मी एक किट घेतलं, सवयीनं काटा कॉटनवर, सवयीनं सरळ बाजूनं, आणि पाठीवरून एक लांब हात. इस्त्री मधेच अडखळली. उचलली तर १० मधलं शून्य इस्त्रीच्या तळाला, आणि जर्सीवर नुसता १. पोरगा पुढचा अर्धा हंगाम १ नंबर घालून फॉरवर्डला खेळला. भरपाई दिली ती वेगळी.

चिकटवलेला नंबर कसा बसवतात हे कळल्यावर चूक उमगली. रबरी पत्र्यासारखा नंबर साधारण १५० अंशांच्या प्रेसमध्ये दाबून बसवतात. म्हणजे त्याचा गोंद त्या उष्णतेला वितळण्यासाठीच केलेला असतो. आपली इस्त्री तिथवर गेली की गोंद पुन्हा वितळतो, आणि या वेळी तो इस्त्रीला धरतो. दुसरा प्रकार सब्लिमेशनचा, ज्यात रंग साधारण २०० अंशांना वायू होऊन धाग्यातच शिरतो. त्यावर बोट फिरवलं तर काहीच उंचवटा लागत नाही. तो सोलत नाही, पण फार तापवला तर रंग शेजारच्या कपड्यावर उतरू शकतो. बोट फिरवून बघा, उंचवटा लागला तर तिथे इस्त्री नाही. इतकंच लक्षात ठेवा.

आता पद्धत. इस्त्री सर्वांत कमी काट्यावर लावा. आधी कॉटनचे कपडे करत होता तर बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. काटा खाली आणला म्हणून तळ लगेच गार होत नाही, जड इस्त्री तर नाहीच. तळ ओल्या फडक्यानं पुसा, पण इस्त्री गार आणि प्लग काढलेला असताना. त्यावर जुना जळका थर असेल तर तो आधी जर्सीवर उतरतो.

जर्सी उलटी करा, चादरीच्या दोन घड्यांवर सपाट पसरा, आत दुमड नाही ना ते हातानं चाचपा. वर स्वच्छ पांढरा सुती पंचा किंवा मांजरपाटाचा तुकडा. लेबलवर दोन ठिपके असतील तर पंचा किंचित ओला करा. एकच ठिपका असेल किंवा लेबल नसेल तर कोरडाच ठेवा. आधी आतल्या कडेला, जिथे कुणाला दिसणार नाही, दोन सेकंद टेकवून बघा. ठीक असेल तर पुढे. इस्त्री घासायची नाही. टेकवा, दोन-तीन सेकंद, उचला, पुढे ठेवा. घासलं की गरम विणीचे फासे ओढले जातात आणि कपडा वाकडा होतो. दाबूही नका, इस्त्रीचं स्वतःचं वजन पुरे. दाबानं गोल धागा चपटा होतो आणि चपट्या धाग्यावरून उजेड परावर्तित होतो. तुम्ही ज्याला चकाकी म्हणता ती ही.

एक भाग झाला की पंचा उचला आणि वरून तळहात ठेवून किंवा थंड जाड पुस्तक ठेवून तो भाग गार करा. मग पुढचा. आमचे वडील सुती सदऱ्याची परीटघडी गरमागरम घालायचे आणि ती आठवडाभर मोडायची नाही. जर्सीची गरम घडी घातली तर तीसुद्धा मोडणार नाही, हीच अडचण.

काटा खाली असूनही पंच्यावर तपकिरी डाग उठत असेल तर इस्त्रीचा थर्मोस्टॅट गेलाय. ती इस्त्री बाजूला ठेवा. कोळशाच्या इस्त्रीला काटाच नसतो, तिच्याखाली हे कपडे देऊ नका. देत असाल तर इस्त्रीवाल्याला आधी सांगा, तोच नको म्हणेल, आणि नको म्हणाला तर तो चांगला इस्त्रीवाला.

इथे थांबा

इस्त्री अडखळायला लागली, जळक्या प्लास्टिकचा वास आला, नंबरवर फोड दिसला किंवा पंचा उचलल्यावर कपडा चमकला, तर त्या क्षणी थांबा. "एकदाच आणखी" करून कुणाचंच भलं झालेलं मी पाहिलं नाही. चमकलेला, कडक झालेला धागा नरमून चपटा झालेला असतो, तो कुणीच परत गोल करू शकत नाही. आम्हीही नाही, ड्रायक्लीनरही नाही. जो करून देतो म्हणेल त्याला पैसे आधी देऊ नका.

नंबर सुटला असेल तर छपाईवाल्याकडे. हीट प्रेसवर नीट दाबून बसतो, किंवा जुना काढून नवीन लावतात. घरी इस्त्रीनं चिकटवायला गेलात तर कडा बसतात आणि मधे हवा राहते. कमरेचं इलास्टिक आणि शिवणीच्या लाटा शिंप्याकडे. इलास्टिक बदलणं छोटं काम आहे. शिवणीच्या लाटा उसवून पुन्हा शिवाव्या लागतात, स्वस्तातल्या जर्सीला ते परवडत नाही.

पाऊस अडवणारी जाकिटं, ज्यांच्या आत शिवणींवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते, त्यांना घरी इस्त्री नको. पट्टी सुटली की जाकीट गळतं आणि ते सह्याद्रीत पाऊस लागल्यावर कळतं. आठवण म्हणून जपलेली, कुणाची सही असलेली जर्सीही तशीच. अशा कपड्यांना वाफेचं टेबल असलेल्या ड्रायक्लीनरकडे द्या. त्या टेबलाला खालून हवा खेचायची सोय असते. वाफ दिली की लगेच पायाखालचं पेडल दाबून हवा खेचतात आणि कपडा सपाट असतानाच गार होतो. माझ्याकडे ते टेबल नाही, मी पंखा लावतो. पंचवीस जर्सींचं अख्खं किट एका रात्रीत सपाट हवं असेल तरी तिकडेच जा. देताना तोंडी सांगा: पॉलिस्टर आहे, नंबर चिकटवलेला आहे, नंबरवर काही लावू नका.

इस्त्रीला हात लावल्यावर झिणझिणी आली, वायरपाशी ठिणगी दिसली किंवा प्लग गरम लागला, तर ते कपड्याचं काम राहिलंच नाही. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

किट भरताना

सामना संपल्यावर घामाची जर्सी गोळा करून पिशवीच्या तळाशी, वर बूट, वर पाण्याची बाटली, आणि पिशवी मोटरसायकलच्या टाकीवर उन्हात. बंबाचीच ही छोटी आवृत्ती. घरी पोचल्यावर निदान बाहेर काढून टांगा, धुणं नंतर होऊ दे. नेताना जर्सी सपाट पसरून सैल गुंडाळी करा, घडीपेक्षा गुंडाळीत धारदार रेषा येत नाही. नंबर बाहेरच्या बाजूला ठेवा, नंबर नंबरला चिकटू देऊ नका. बूट वेगळ्या पिशवीत.

आणि पेठेतल्या पोरांना एक विनंती. आदल्या रात्री नऊनंतर किट आणू नका. वाफ द्यायला मला वेळ लागत नाही, पण वाफ दिलेली प्रत्येक जर्सी गार होईपर्यंत टांगून ठेवावी लागते, तुम्ही अकराजण आहात, आणि माझ्या भिंतीला खुंट्या आठच आहेत.